चष्मा वर गेला की

कोटी करून झाली की साहेब मधल्या बोटाने चष्मा नाकावर वर सरकवत. एकदाच, आणि बरोबर दोन सेकंदांनी. वजनकाटे तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं काढलेल्या ताईंनी ही नोंद एकदाही चुकलेली पाहिली नव्हती.

ताईंना कोट्या कळत नसत. "गुलाबाचा काटा रुततो, आपला डुलतो!" असं साहेब म्हणाले, की ताईंच्या मनात येई, डुलत असेल तर स्प्रिंग बदलायला हवी. पण चष्मा वर गेला की त्या मनमोकळं हसत. भांडारपाल आणि टंकलेखिका लगेच री ओढत.

विभागप्रमुखाची खुर्ची दोन वर्षं रिकामी होती. साहेब नुसते "बघू" म्हणत. ताईंना ती खुर्ची हवी होती, आणि रसिक म्हणून मिळवलेलं नाव खरं बोलून घालवायची त्यांची तयारी नव्हती.

सोमवारी साहेब नवा चष्मा घालून आले. तो नाकावर जरा सैल बसत होता.

"मोठा काटा बंद पडलाय," साहेब म्हणाले. चष्मा घसरला, त्यांनी वर सरकवला. ताई हसल्या. मागोमाग ती दोघंही हसली.

"अहो, दुरुस्तीला तीन आठवडे लागतील!" चष्मा पुन्हा वर. पुन्हा हशा.

"हसताय काय? आधीच माझं डोकं ठिकाणावर नाही. सकाळी सासूबाई जिन्यावरून पडल्या. पाय मोडला त्यांचा."

चष्मा वर गेला. ताईंना शंका आली. पण अकरा वर्षांची नोंद एका शंकेपायी खोडायची नाही, ही त्यांची शिस्त. त्या हसल्या. भांडारपालांनी तर टेबलावर थाप मारली. "वा साहेब! पाय मोडला! काय सुचतं हो तुम्हाला!"

साहेब लालबुंद झाले. "ताई, यात कोटी कुठे होती, सांगा बघू."

गेली ती खुर्ची, असं ताईंनी मनाशी म्हटलं. "साहेब, मला कोट्या कळतच नाहीत. कधीच कळल्या नाहीत. तुम्ही चष्मा सरकवला की मी हसते."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्ही ताईंकडे बघून हसतो," टंकलेखिका पुटपुटली. "म्हटलं, त्यांना कळलं असेल."

साहेब स्टुलावर बसले. "म्हणजे अकरा वर्षं मला एकट्यालाच हसू येत होतं?"

"हो," ताई म्हणाल्या. आता लपवायला उरलं तरी काय होतं? "आणि तो डुलणारा काटा, साहेब, खरंच नादुरुस्त होता. मी गुपचूप स्प्रिंग बदलली."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग चष्मा वर सरकवला. दोघांनी सवयीने ताईंकडे पाहिलं. ताई हसल्या नाहीत.

"उद्यापासून," साहेब म्हणाले, "त्या खुर्चीवर तुम्ही बसायचं."