एका दप्तराचा पूल

वीत्स्केबाईंनी शिक्षकांच्या खोलीत, कॉफीचा कप हातात धरून, सगळ्यांच्या देखत सांगितलं होतं, "तीनशे किलोचा पूल आहे. पण एका दप्तराच्या वजनाने उचलला जाईल. लिहून ठेवा."

मुख्याध्यापक पोस्टमा सरांनी खरंच लिहून ठेवलं. ते लॅटिन शिकवायचे, आणि दोन हजार वर्षं कोणी हलवलेल्या नाहीत अशाच गोष्टींवर त्यांचा विश्वास होता. सगळं त्यांच्या निळ्या फाईलमध्ये जायचं. त्याच फाईलमध्ये आणखी एक कागद होता. शाळेची कार्यशाळा, म्हणजे करवती, लेथ, वेल्डिंगचा कोपरा आणि तेलाचा वास यांसकट वीत्स्केबाईंचं अख्खं साम्राज्य, सप्टेंबरपासून बंद करून तिथे शांत अभ्यासिका काढायची, असा तो कागद.

"अभियांत्रिकी शिकवा की," सर म्हणायचे. "फळ्यावर शिकवा. आवाज होत नाही, बोटंही कापत नाहीत."

"सर, पोहणं फळ्यावर शिकवता येतं का?"

"मला तसंच शिकवलं."

"मग येतं तुम्हाला?"

सर निळी फाईल काखेत मारून निघून जायचे.

शेवटी तह झाला. बारावीच्या चौदा मुलांनी शाळेमागच्या कालव्यावर बांधलेल्या उचलत्या पुलाचं उद्घाटन विनाविघ्न पार पडलं, तर कार्यशाळा राहील. एक जरी गडबड झाली तर अभ्यासिका. सरांनी त्यावर सही केली, बाईंनीही केली.

पूल होता मात्र देखणा. अलीकडे दोन उंच खांब, त्यांवर तराजूसारखा एक लांब दांडा. दांड्याचं पुढचं टोक साखळ्यांनी पुलाची फळी धरून होतं. मागच्या टोकाला, ज्याला मुलं शेपटी म्हणत, सिमेंट भरलेली पेटी. शेपटी खाली आली की फळी वर. दोन्ही बाजू इतक्या तोलून धरलेल्या, की फळीकडे जेमतेम सहा किलो जास्त. हा सहा किलोंचा हिशेब चौदांतल्या यिल्डाउचा. या मुलीच्या प्रगतीपुस्तकावर बाईंनी दोन वर्षांपूर्वी दहापैकी गुण लिहिले होते, 'प्रात्यक्षिक: नऊ. सिद्धांत: चार.' तरफेचा नियम तिला कागदावर कधी दिसलाच नाही. एक दिवस ती कार्यशाळेतल्या दांड्यावर जाऊन बसली, पुढे सरकली, मागे सरकली, आणि म्हणाली, "हात्तिच्या, एवढंच होय?" बाई त्या दिवशी घरी जाताना सायकलवर गात होत्या.

उद्घाटनाचा दिवस उजाडला तो नेमका निकालाचा. दुपारी एक वाजता बाईंनी चौदा जणांना फोन केले. चौदाही पास. यिल्डाउलाही फोन लावला. पलीकडे तिच्या आईचं रडणं आणि कुत्र्याचं भुंकणं एकदमच सुरू झालं.

आनंदाच्या भरात बाई प्रत्येकाला म्हणाल्या, "आणि हे बघ, झेंडा नि दप्तर घरी नको टांगूस. इकडे घेऊन ये. आपल्या पुलावर टांगू!"

त्यांच्या देशात पास झालेल्या पोराचं दप्तर घराबाहेर झेंड्याच्या काठीला टांगायची रीत आहे, आणि ते टांगलेलं दिसलं, की तिथल्या माणसाचा ऊर भरून येतो. रस्त्याने जाणारा अनोळखी सायकलवालाही घंटी वाजवून जातो. त्या दप्तराला वजन असतं हे कोणाच्या ध्यानातच येत नाही. सहा वर्षं पाठीवर वाहिलेलं असलं तरी. आणि अभियांत्रिकीच्या बाई असल्या तरी.

चार वाजता सगळे जमले. शाळेचे शिपाई डाउव्हेकाका यांनी फळीच्या पलीकडच्या टोकाला, दोन कठड्यांमध्ये केशरी फीत बांधली. काका काटकसरी. फीत कापून वाया कशाला घालवा, म्हणून एक टोक उजव्या कठड्याला बांधलं, डाव्या कठड्याला गाठ मारली आणि उरलेलं अख्खं रीळ तिथेच लोंबतं ठेवलं. "सर, कापून झालं की रीळ खिशात टाका. पुढच्या वर्षी होईल."

मग सर पूल उचलून दाखवणार होते, म्हणून काकांनी पूल जागेवर अडकवून ठेवणारी खिट्टीही काढून ठेवली.

सर फळीच्या मधोमध उभे राहून भाषण करू लागले. भाषणात सीझर आला. सीझरने नदीवर पूल बांधला, त्या पुलाला किती दिवस लागले, त्याने ते कोणत्या विभक्तीत लिहिलं. तेवढ्यात मुलं काकांच्या शिडीवर चढून दांड्याच्या शेपटीला दप्तरं टांगू लागली. दप्तर टांगायचं तर सगळ्यांत उंच जागी, आणि त्या आवारात शेपटीपेक्षा उंच काही नव्हतं. पहिलं, दुसरं, आठवं. वर झेंडा फडफडत होता. बाईंनी डोळे पुसले.

भाषण संपलं. सर टोकापर्यंत चालत गेले. शेवटचं दप्तर यिल्डाउचं, सगळ्यांत जड. दोन वर्षांच्या वह्या तिने टाकल्याच नव्हत्या. ते टांगलं आणि दांडा जरासा कुरकुरला.

बाईंचा हात गालावरच थबकला. चौदा दप्तरं. प्रत्येकी सहा किलो. चौऱ्याऐंशी. आणि फळीवर आत्ता फक्त एकच गोष्ट होती जी पुलाला खाली धरून होती. ती गोष्ट लॅटिन शिकवत होती आणि हातात कात्री घेऊन उभी होती.

"सर," बाई म्हणाल्या, "हलू नका."

सरांनी फीत कापली, रीळ खिशात टाकलं, आणि हसत हसत पलीकडच्या काठावर पाऊल ठेवलं.

पूल उठला. वर्गात मागच्या बाकावरचं पोर नाव पुकारल्यावर उठतं तसा नव्हे. राष्ट्रगीत लागल्यावर उठतात तसा, ताठ आणि तत्पर. शेपटी चौदा दप्तरांसह गवतावर येऊन आदळली आणि फळी तिरकी आभाळाकडे बघत थांबली. कठड्याला बांधलेली फीत सरांच्या खिशातून सर्रसर्र निघत होती. सर वळले तेव्हा पूल नव्हता. कालवा होता, आणि स्वतःच्याच कोटातून वर आभाळात गेलेली केशरी रेघ.

"वीत्स्केबाई," सर शांतपणे म्हणाले. ते रागावले की असेच शांत होत. "यालाच गडबड म्हणतात ना?"

पलीकडच्या कुरणातल्या वीसेक कालवडींना आपल्याकडे पाहुणे आल्याचं कळलं होतं. त्या दुडक्या चालीने आल्या आणि त्यांनी सरांभोवती अर्धवर्तुळ केलं. एकीने सरांच्या काखेतल्या फाईलचा वास घेतला.

डाउव्हेकाकांना काठीने कालवे ओलांडण्याचा जिल्ह्याचा करंडक मिळाला होता, एकोणचाळीस वर्षांपूर्वी. ते धावत गेले आणि लांब काठी आणून त्यांनी पलीकडे फेकली. "सर, काही नाही, काठी मधे रोवायची, वर चढायचं, नि पडायचं!"

"डाउव्हे, मला पोहता येत नाही."

"कमरेएवढंच आहे हो पाणी."

"मग मला उडीही मारता येत नाही."

एका कालवडीने फाईल ओढून घेतली.

काका शेपटीखाली खांदा लावायला निघाले. दप्तरं काढून खालून रेटा दिला की फळी निमूट खाली आली असती. पण यिल्डाउने त्यांची बाही धरली.

"काका, थांबा. बाई, सरांनाच ओढू द्या ना."

"कशाने?"

"फितीने. दुसरं टोक त्यांच्या खिशातच आहे. तेरा दप्तरं काढू, एक ठेवू. मग दोन्ही बाजू सारख्या. दोन बोटांनी येईल."

"फीत तुटली तर?"

"हिसका दिला तर तुटेल. सावकाश ओढली तर नाही. मी हिशेब केलाय, बाई. डोक्यात."

बाईंनी त्या पोरीकडे पाहिलं. कार्यशाळा जाणार असेल तर अशी तरी जाऊ दे, असं त्यांच्या मनात आलं. तेरा दप्तरं उतरली. पूल तसाच राहिला, श्वास धरल्यासारखा.

"सर," बाई ओरडल्या, "फीत दोन बोटांत धरा आणि पूल खाली ओढा!"

"तीनशे किलो? फितीने?"

"तुम्ही लिहून ठेवलंय!"

फाईल चावली जात होती, नाहीतर सरांनी ताडून पाहिलं असतं. त्यांनी कालवडींकडे पाहिलं. मग करंगळी वर ठेवून, चहाचा कप उचलावा तशी, फीत ओढली.

पूल आला. आवाज न करता, आज्ञाधारकपणे, सरांच्या दोन बोटांमागून तीनशे किलो लोखंड-लाकूड खाली येत गेलं आणि त्यांच्या पायांशी टेकलं. सरांच्या तोंडाचा आ झालेला, आणि त्यांचं वय झर्रकन बारा झालं होतं.

"पुन्हा," ते म्हणाले.

अलीकडे येऊन त्यांनी पूल चार वेळा वर-खाली केला. एकदा करंगळीने. एकदा डोळे मिटून. "अरे, हे सीझरला माहीत होतं का?" असं त्यांनी काकांना विचारलं, आणि काकांनी विचार करून सांगितलं की नसावं.

"सर, ती गडबडीची अट..." बाईंनी चाचरत काढलंच.

"कसली गडबड? हे प्रात्यक्षिक होतं." सर खिट्टी न्याहाळत होते. "कार्यशाळा राहील. तास वाढवा. पण आज आता आणखी काही नको, माझं वय झालंय. हे बंद कसं करायचं?"

"पूल वर, खिट्टी, कुलूप," बाई शिकवणीच्या सुरात म्हणाल्या. "नाहीतर कालवडी वर्गात येतील." आणि सरांची फाईल आणायला त्या आनंदाने तरंगतच पलीकडे गेल्या.

फाईल एका कालवडीच्या मागे, दुसरीच्या पायाखाली, निम्मी तिसरीच्या पोटात होती. अभ्यासिकेचा कागद गेला होता. दप्तराचं वाक्य लिहिलेला वाचला होता. तो हातात घेऊन बाई वळल्या. पूल वर होता. खिट्टी, कुलूप, सगळं अगदी नियमाप्रमाणे. किल्ली खिशात घालून सर केक कापायला गेले होते, सगळ्यांना घेऊन. फक्त आपलं दप्तर न्यायला यिल्डाउ तेवढी मागे राहिली होती.

"सरांना बोलावू, बाई?"

"खबरदार. आज आणखी काही नको म्हणालेत."

गवतात काकांची काठी पडली होती. बाईंनी ती उचलली. तरफेचा नियम त्यांना झोपेतही पाठ होता. कोन, वेग, टेकू, सगळं मनात मांडून झालं. त्या धावल्या, काठी मधोमध रोवली, वर गेल्या, अगदी सुंदर वर गेल्या, आणि तिथेच थांबल्या. मग काठी एका बाजूला कलली.

काका खरंच बोलले होते. पाणी कमरेएवढंच होतं.

यिल्डाउने काठावर बसून हात पुढे केला. तिचा चेहरा गंभीर होता.

"सिद्धांताला नऊ, बाई."

"आणि प्रात्यक्षिकाला?" बाईंनी केसांतलं शेवाळ काढत विचारलं.

"पुन्हा बसावं लागेल."