बिनतारी बेल आणि माझा उजवा अंगठा

यंत्रं माझ्यापुढे शेपूट हलवतात, हे तुम्हाला आधीच सांगून ठेवतो. तरुणपणी मी घाटात बंद पडलेला एक ट्रक नुसता खाकरून सुरू केला होता. खोटं वाटत असेल तर त्या ट्रकला विचारा. त्यामुळे जावयानं परगावी कामावर जाता जाता आमचं घर 'हुशार' करून ठेवलं, त्या वेळी घरातले सगळे बावरले, मी नाही. आता आमच्याकडे दिवे सांगितल्यावर लागतात, पडदे आपले आपण सरकतात आणि दाराला किल्लीच नाही. अंगठा टेकवला की कुलूप उघडतं, दार लोटलं की आपोआप लागतं. खोलीखोलीत एकेक डबी ठेवलेली आहे आणि तिच्यातली बाई माझं पहिल्या हाकेला ऐकते. या घरात माझं असं ऐकणारी ती पहिलीच!

जुनी राहिली होती ती फक्त दारावरची बेल. ती वाजली की मांजराच्या शेपटीवरून रोडरोलर गेल्याचा भास व्हायचा.

आणि त्या दिवशी लेकीची मुलाखत होती. बाळंतपणानंतरची पहिलीच. आतल्या खोलीत दार लावून, संगणकासमोर बसून द्यायची. नोकरी तिच्या मनासारखी होती, शिवाय घरून करता येण्यासारखी. ती हुकली तर पुन्हा कधी कोण विचारणार, या धास्तीनं पोरगी आठवडाभर आरशाला उत्तरं देत होती. नात शेजारच्या खोलीत पाळण्यात झोपली होती आणि तिच्यावर पहारा माझा. बायको दाताच्या डॉक्टरकडे निघाली तेव्हा उंबऱ्यात थांबून म्हणाली, "अहो, आजच्या दिवस कशालाही हात लावू नका. हात जोडते."

मी 'बरं' म्हणालो. माझं 'बरं' म्हणजे 'हो' नव्हे, हे इतक्या वर्षांत तिला कळायला हवं होतं.

जाण्यापूर्वी तिनं बेलचा बंदोबस्त केला होता. आत कापूस कोंबून वरून फडकं बांधलं होतं. हुशार घराच्या दारात दाढदुखीचा पेशंट उभा केल्यासारखं दिसत होतं ते. माझ्यानं बघवेना. कपाटात जावयानं आणून ठेवलेली बिनतारी बेल खोक्यात तशीच पडून होती. बाहेर भिंतीवर एक बटण चिकटवायचं, आत एक यंत्र प्लगमध्ये खोचायचं, मध्ये तार नाही. कोणी बटण दाबलं की स्वयंपाकघरात हळूच बासरी वाजेल, मी चवड्यांवर जाऊन दार उघडीन, नातीची झोप मोडणार नाही, लेकीचं वाक्य तुटणार नाही. बायको परत येईपर्यंत घरात शांतता आणि माझ्या नावाचा जयजयकार.

यंत्र खोचलं. फोनवर जोडणी केली. मग बासरी शोधायला लागलो. या यंत्रात काय काय आवाज होते म्हणून सांगू! बेडूक होता, आगगाडी होती, हत्ती होता, कोणाचं तरी रडणंही होतं. आवाज बंद ठेवून मी नुसती नावं पुढे सरकवत होतो. तेवढ्यात फोननं विचारलं, दारात येणाऱ्यासाठी निरोप रेकॉर्ड करायचाय का? म्हणजे दाराजवळच्या डबीतून बाहेर ऐकू जाईल. झकास! दारोदार साबण विकणाऱ्यांसाठी मी स्वयंपाकघराचं दार लावून खास घोगऱ्या आवाजात निरोप भरला. 'काही नको आम्हाला. पुढच्या दारी जा.' निरोप कुठल्या डबीतून द्यायचा, त्याची खूण तेवढी करायची राहिली. म्हटलं, आधी बटण लावू.

बटणाबरोबर दुहेरी चिकटपट्टी आली होती. असल्या पट्टीवर माझा विश्वास नाही. माझ्याकडे एक गोंद आहे. त्यानं मी एकदा फुटक्या कपाचा कान बसवला, तर नंतर कप फुटला पण कान बशीसकट तसाच राहिला. तो गोंद बटणाच्या पाठीला सढळ हातानं लावला, बाहेर आलो, चौकटीशेजारी बटण टेकवलं आणि उजव्या अंगठ्यानं कड दाबून धरली. गोंद चारी बाजूंनी वर आला. मागे वाऱ्यानं दार लोटलं गेलं. कुलपानं 'टिक' केलं.

मी अंगठा काढायला गेलो. अंगठा आला नाही.

अर्धा अंगठा कडेवर आणि अर्धा बटणाच्या तोंडावर बसला होता. जरा हलवला की बटण आत जायची तयारी करायचं. हलायचं नाही, हे तिथल्या तिथे ठरलं. मग एकेक गोष्ट सुचायला लागली आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा वाईट होती. कुलूप माझा एकच अंगठा ओळखतं, उजवा. घरात शिरायचा तोच माझा परवाना, आणि तो बेलला चिकटलेला! कुलपाला आकडेही आहेत, पण ते मी त्याच सकाळी बदलले होते. कोणालाही ओळखता येणार नाहीत असे आकडे निवडले होते आणि ते खरोखरच कोणालाही ओळखता येत नव्हते, मलासुद्धा. फोन आत स्टुलावर.

मग आठवलं की फोनच्या यादीत 'सगळ्या खोल्या' या शब्दांपुढे आधीपासूनच बरोबरची खूण होती. आणि यादी सरकवताना माझं बोट शेवटी थांबलं होतं ते बासरीवर की हत्तीवर?

आतून लेकीचा आवाज अंधूक येत होता. ठाम, स्वच्छ बोलत होती पोरगी. आरशानं चांगली तयारी करून घेतली होती. मी आपल्याच दारात, आपल्याच बेलवर अंगठा ठेवून, आपल्या हातून ती वाजू नये म्हणून श्वास रोखून उभा!

जिन्यावर पावलं वाजली. पार्सलवाला होता. त्यानं पाहिलं की काका बेल वाजवताहेत आणि दार उघडत नाही. भला माणूस, मदतीला त्यानं स्वतःचा हात पुढे केला. मी अंगानं बटण झाकलं आणि दात-ओठ खाऊन कुजबुजलो, "बेलला हात लावशील तर याद राख." त्यानं पार्सल जमिनीवर ठेवलं, माझ्याकडे पाठ न करता चार पायऱ्या मागे उतरला आणि मग पळाला.

त्या गडबडीत समोरचं दार उघडलं. शेजारच्या वहिनी. यांना आमच्या इमारतीत 'सीआयडी' म्हणतात. कोणाच्या घरी कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते यांना ठाऊक. त्यांनी मला खालून वर पाहिलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "भाऊजी, घराबाहेर काढलं का तुम्हाला?"

नाइलाजानं सगळं सांगितलं. एरवी या बाईंनी अर्धा तास चौकशी केली असती. पण लेकीची मुलाखत म्हटल्यावर त्यांनी पदर खोचला आणि आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली. माझ्या अंगठ्याभोवती तेल सोडत, बोट न हलवता, घड्याळजी चिमट्यानं चाक बसवतो तसं त्या काम करत होत्या. मी डोळे मिटले होते. गोंदाचा एक कोपरा सुटल्यासारखा वाटला.

आणि आत नात कुरकुरली.

आधी एकदा. मग लांबवून. ही पोर रडायची सुरुवात अशीच करते, आणि एकदा तिनं सूर लावला की चार मजले खिडक्या बंद करतात. लेकीचा आवाज अडखळला. मला तो अडखळलेला स्पष्ट ऐकू आला. आता ती उठणार, मुलाखत सोडून पाळण्याकडे धावणार, आणि आजोबा कुठे आहेत? तर बाहेर, तेल लावून!

"वहिनी, ओढा," मी म्हणालो.

"बेल वाजेल."

"हळूच ओढा."

त्यांनी हळूच ओढलं. पण तेलानं त्यांचा हात सटकला आणि सगळा जोर माझ्या अंगठ्यावर आला.

हत्तीच होता.

साधा हत्ती नव्हे. पिल्लू हरवलेला, विहिरीत पडलेला, संतापलेला हत्ती! जिन्याकडच्या खिडकीतून दिसलं, घरभर दिवे मिचमिच करायला लागले, पडदे उघडून पुन्हा मिटले, आणि एकेका खोलीतून, एकाच वेळी, माझा घोगरा आवाज दुमदुमला. 'काही नको आम्हाला. पुढच्या दारी जा.'

नातसुद्धा गप्प झाली. वहिनींनी तोंडावर हात ठेवला तो तेलकटच. मी भिंतीला कपाळ टेकवलं. आठवडाभराची मेहनत माझ्या अंगठ्याखाली चिरडली गेली होती. तेवढ्यात जिना चढून बायको आली. पार्सल, तेल, वहिनी आणि मी, असं सगळं तिनं एका नजरेत पाहिलं आणि बोलायला लागली. इंजेक्शननं अर्धं तोंड बधिर होतं, म्हणून मला अर्धंच ऐकावं लागलं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. लेक उभी होती, कडेवर नात, आणि नात हसत होती. तिला हत्ती आवडला होता. लेकीच्या चेहऱ्यावरून मात्र काही कळेना.

"त्यांनी नेमकं तेव्हाच विचारलं होतं," ती म्हणाली, "की आमच्याकडून तुमची काय अपेक्षा आहे."

मला भिंतीत जाता आलं असतं तर बरं झालं असतं. अंगठा गेलाच होता.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? म्हटलं, हे माझे वडील. मग पोरीला मांडीवर घेतलं आणि पुढचा मुद्दा सांगितला. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, एवढ्या गोंधळात जी शांतपणे बोलते ती आम्हाला हवीच. सोमवारपासून रुजू व्हायचंय."

माझी छाती फुगली. वहिनींकडे, बायकोकडे पाहिलं. "बघा," मी म्हणालो, "हत्ती नसता तर मिळाली असती का नोकरी? आणि आता घरबसल्या काम. नात डोळ्यांसमोर, मी हाताशी."

लेकीनं माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"तेही घरूनच करा म्हणत होते, बाबा. मीच हट्ट धरला की मी रोज ऑफिसला येते."

"आणि ही?" मी नातीकडे पाहून विचारलं.

"त्यांच्याकडे पाळणाघर आहे. तिलाही नेते."

बायकोनं बधिर तोंडानं काहीतरी म्हटलं. शब्द कळले नाहीत, पण ते पूर्ण सहमतीचे होते. तिघी आत गेल्या, दार आपोआप लागलं, आणि वहिनी म्हणाल्या की तेल संपलंय, आणखी आणते.