सासूबाई मावेनात

सासऱ्यांनी कॅसेट पुढे केली, तेव्हा "एखाद्या दुकानात देऊन या" एवढं म्हणून जावईबापूंना सुटता आलं असतं. पण ते म्हणाले, "माझ्याकडे द्या बाबा. या कामाला कान लागतो."

कान हा जावईबापूंचा हळवा विषय होता. दिवसभर ते विमा कंपनीच्या ऑफिसात दाव्यांचे कागद तपासत आणि तिथे त्यांना कुणी फारसं विचारत नसे. घरी मात्र ते संगीतातले जाणकार होते. (गात नसत. वाजवतही नसत. फक्त जाणत असत.) कॉम्प्युटरवर त्यांनी हजारो गाणी साठवली होती, आणि एकेक गाणं अस्सल, कणभरही न गाळता. फाइल लहान केली की आवाजातला जीव जातो, हे मत त्यांनी घरी आलेल्या प्लंबरलाही ऐकवलं होतं. परिणामी कॉम्प्युटर काठोकाठ भरला होता. त्यांची बायको शाळेत भूगोल शिकवायची. आपल्या प्रश्नपत्रिका ती शेजारणीच्या कॉम्प्युटरवर ठेवायची.

सासरे पोस्टातून निवृत्त झालेले. बोलणं मुळातच कमी, आणि गेल्या वर्षी सासूबाई गेल्यापासून तर आणखीच कमी. "हिचा आवाज आहे यात," ते म्हणाले. "एवढाच उरलाय. माझ्या फोनवर घालून द्या. सकाळी फिरायला जातो तेव्हा ऐकत जाईन."

जावईबापूंनी कुठून तरी जुना टेपरेकॉर्डर मिळवला, वायर जोडली आणि कॅसेटची फाइल केली, अर्थातच होईल तितकी मोठी. सुरुवातीचं थोडं ऐकलंही. एक बाई गात होती, सुरेल, कसलेल्या गळ्याची. सासूबाई गात असत हे त्यांना माहीत नव्हतं. पण इतकी वर्षं जावई असून एवढंही माहीत नसणं बरं दिसत नाही, म्हणून त्यांनी कुणाला विचारलं नाही.

पंचाईत पुढेच झाली. सासऱ्यांचा फोन जुना, बटणांचा. त्यात सासूबाई मावेनात.

"मग फाइल लहान करा ना," बायको वह्या तपासता तपासता म्हणाली.

"आईंच्या आवाजाचा पत्रा करू?"

"बाबांच्या फोनचा स्पीकर पत्र्याचाच आहे."

"प्रश्न फोनचा नाही. तत्त्वाचा आहे."

"बाबांनी तत्त्व नाही मागितलं. आई मागितलीय."

(जावईबापू पाणी प्यायला आत गेले.)

आधी त्यांनी तत्त्वाला धरून मार्ग काढला. आपला खास प्लेअर, त्याची बॅटरी आणि डोकं झाकणारा मोठा हेडफोन एका पिशवीत घालून सासऱ्यांच्या गळ्यात अडकवला. सासरे एक दिवस तसे फिरून आले. बागेच्या फाटकात वायर अडकून मान आखडली होती. पिशवी खुंटीला लावून ते गेले.

मग जावईबापूंना सुचलं की दर्जा तसाच ठेवून लांबी कमी करावी. टेपमध्ये नको ते बरंच होतं. गाण्याच्या मध्येच खोकला, भांड्यांची आदळआपट, खुर्ची ओढल्याचा आवाज, कुणाचं तरी बोलणं. हे काढून टाकलं की उरलेलं गाणं अस्सल दर्जात फोनमध्ये आरामात बसेल. आता सगळी टेप ऐकायची तर फार वेळ जाणार. म्हणून या कानाच्या माणसाने हे काम डोळ्यांनी केलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आवाजाचं चित्र दिसतं. गाण्याच्या जागी भरीव टेकड्या होत्या, बाकी ठिकाणी काटे होते. जावईबापूंनी काटे वेचून काढले.

काढलेले तुकडे फेकवेनात, कारण आवाज पुसणं हेही तत्त्वात बसत नव्हतं. ते त्यांनी 'नको' नावाच्या फोल्डरमध्ये अगदी किमान दर्जात दाबून बसवले. (कचऱ्याला कसला आलाय दर्जा.) जागेसाठी मूळ मोठी फाइल पुसली. कॅसेट तर परत गुंडाळताना टेपरेकॉर्डरने चावून टाकलीच होती, पण आता तिची गरज कुणाला होती?

रविवारी सासरे आले. जावईबापूंनी फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वतः भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे राहिले. सासऱ्यांनी फोन कानाला लावला. एक गाणं झालं. दुसरं झालं.

"छान आहे," सासरे म्हणाले. "पण हिचं कुठे आहे?"

"हे काय बाबा, गातायत ना."

"ही रेडिओवरची बाई आहे."

बायको स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "आई? आणि गाणार? अंगाईसुद्धा ती मला वाचून दाखवायची."

"मी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून गाणी टेप करायचो," सासरे सावकाश सांगू लागले. "ही नेमकी मध्ये यायची. दूध बघा, पाय वर घ्या, केर काढायचाय. मी चिडायचो. म्हणायचो, सगळी टेप खराब केलीस." त्यांनी फोन कानापासून खाली घेतला. "ती खराब झालेलीच मला हवी होती."

जावईबापूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाईंना त्यांनी स्वतःच्या हाताने, काटा समजून, एकेक करून वेचून काढलं होतं. ते कॉम्प्युटरपाशी गेले आणि 'नको' फोल्डर जसंच्या तसं सासऱ्यांच्या फोनवर घातलं. ते क्षणात मावलं, आणि वर फोनमध्ये जागा उरली.

सासऱ्यांनी बटण दाबलं. खरखर झाली, कुणीतरी खोकलं. मग पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज आला, "अहो, दूध बघा जरा." सासरे हसले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. बायको त्यांच्याजवळ जाऊन बसली. जावईबापूही खुर्ची ओढून जवळ बसले. एरवी असला आवाज त्यांनी घरात शिरू दिला नसता.

पुढचा तुकडा लागला. भांडी ठेवल्याचा आवाज झाला आणि सासूबाई म्हणाल्या, "तो परवा बघायला आलेला मुलगा बरा वाटला हो मला. नोकरी आहे, स्वभावाने गरीब आहे. पण त्याला काही सांगा, नुसती मान हलवतो. ऐकत काही नाही."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"फार दाबलेली फाइल आहे," जावईबापू म्हणाले. "त्यात शब्द नीट लागत नाहीत."

"एकेक लागतोय," सासरे म्हणाले आणि तुकडा पुन्हा लावला. "ऐका."

जावईबापूंनी मान हलवली.