गच्चीवरचा बनावट माणूस

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी पुरावेकाका गच्चीवर अडकले. घटना साधी होती आणि तिच्यावरचा उपायही साधा होता. जिन्याच्या बाजूने कोणीतरी यायचं, दाराची मूठ खाली दाबायची आणि काकांनी आत यायचं. या सगळ्याला चार मिनिटं पुरली असती. डोक्याला लावलेला कलप धुवायला काकांपाशी तीस मिनिटं होती. ‘तीस मिनिटांनंतरच्या रंगाची जबाबदारी कंपनीची नाही,’ असं पाकिटावर बारीक अक्षरात छापलेलं होतं, आणि बारीक अक्षरं वाचण्यात काकांचा जन्म गेला होता.

काका वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झाले होते. चौतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतून तराजूचे काटे बघितले. निवृत्तीनंतर तराजू सुटला, काटा मात्र मनात तसाच राहिला. इमारतीच्या मोबाइल-गटावर कोणी लिहिलं की कोमट पाण्याने गुडघा बरा होतो, तर काका विचारत, “पुरावा?” कोणी लिहिलं की आज पौर्णिमा आहे, तरी काका विचारत, “पुरावा?” त्यावरून त्यांचं नाव पडलं. नाव ठेवणाऱ्यांना वाटलं काका चिडतील. काकांनी ते दारावरच्या पाटीवर घालायचं तेवढं बाकी ठेवलं.

गटावर रोज वाद होई. सकाळी विज्ञान, दुपारी तंत्रज्ञान, संध्याकाळी सुरक्षा, आणि जेवणं झाली की नीतिमत्ता. काकू आतून हाक मारत, “अहो, पानं वाढलीत.” काका म्हणत, “एवढं एक उत्तर देतो आणि उठतो.” आमटी निवून जाई, पण वाद जिंकलेला असे.

गच्चीच्या दाराचा वादही काकांनीच जिंकला होता. पूर्वी तिथे एक वीट असायची. वर जाणारा माणूस ती पायाने दारात सरकवायचा, उतरताना बाजूला करायचा. वीट कधी बिघडली नाही, तिला कधी चार्जिंग लागलं नाही. पण चोर नेहमी गच्चीवरून येतो, असं काकांनी तीन दिवस आणि एकशे ऐंशी निरोपांत सिद्ध केलं. वीट बरखास्त झाली. तिच्या जागी शहाणं कुलूप आलं. आतून नुसती मूठ दाबली की उघडणारं, गच्चीकडून मात्र सहा आकडे मागणारं. आकडे फक्त अध्यक्षबाईंना ठाऊक, आणि ते फोनवरून कोणालाही सांगायचे नाहीत. त्याच ओघात काकांनी गटाचा सातवा नियम लिहून दिला: जो निरोप दार उघडायला सांगतो, आकडे मागतो किंवा घाई करतो, तो खरा ठरेपर्यंत बनावट समजावा. एकेचाळीस अंगठे वर झाले होते.

राहिला कलप. त्याची गोष्ट नाजूक आहे. ‘कलप लावणं ही समाजाची फसवणूक आहे का?’ या विषयावर मागच्या महिन्यात दोन दिवस रण माजलं होतं. काकांनी तेव्हा लिहिलं होतं की मापात पाप तसं केसांत पाप, आणि आपले स्वतःचे केस अडुसष्टाव्या वर्षी काळे आहेत ते पहाटेच्या फेरफटक्यामुळे आणि स्वच्छ मनामुळे. त्यानंतर दोन माणसांनी कलप सोडला होता. न्हाणीघरात कलप कालवला की वास शेजारच्या दंतवैद्यांच्या खिडकीत जाई, म्हणून महिन्यातून एकदा काका जुना टॉवेल खांद्यावर टाकून टाकीच्या आडोशाला बसत. आज बसले, आणि वाऱ्याने दार लागलं. उद्या सकाळी खालच्या सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं: ‘खरं-खोटं कसं ओळखावं?’

काकांनी गटावर लिहिलं, ‘मी गच्चीवर अडकलो आहे. कृपया कोणीतरी लवकर दार उघडा.’

मिनिटाभरात सतरा जणांनी ते वाचलं. मग दंतवैद्यांचा निरोप आला. एकच शब्द होता.

“पुरावा?”

काकांना आधी बरं वाटलं. आपण लावलेलं रोप आपल्या अंगणात फुललेलं बघून माळ्याला वाटावं तसं. मग कपाळावरून एक काळा ओघळ नाकाच्या शेंड्यावर आला आणि त्यांना वेळेची आठवण झाली.

त्यांनी आवाज मुद्रित करून पाठवला. चौथ्या मजल्यावरच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी कळवलं की आजकाल कोणाचाही आवाज यंत्राला काढता येतो, शिवाय खरे काका ‘कृपया’ म्हणत नाहीत. हे दुसरं कारण सगळ्यांना पटलं. काका कठड्याशी जाऊन ओरडले. तिसऱ्या मजल्याने कळवलं की वरून हुबेहूब काकांसारखा आवाज येतो आहे, सावध राहा, खिडक्या लावून घ्या. प्राध्यापकांनी पुस्ती जोडली की आवाज वरून येतो एवढ्यावरून आवाज करणारा वर आहे असं सिद्ध होत नाही. खिडक्या लागल्याचे खटखट आवाज काकांनी मोजले. अकरा.

शेवटी मन घट्ट करून त्यांनी स्वतःचा फोटो पाठवला. डोक्यावर काळा चिखल, खांद्यावर टॉवेल, मागे पाण्याची टाकी.

सगळ्या गटाने तो बोटांनी मोठा करून बघितला. मग विमा एजंटांनी फोटोत कानाशी आलेला काळा ओघळ लाल रेघेने घेरून परत पाठवला. खाली लिहिलं होतं, यंत्राचा घोटाळा नेहमी कानापाशीच होतो. दंतवैद्यांनी शेवटचा खिळा ठोकला: खऱ्या काकांचे केस नैसर्गिक आहेत, ते स्वतःच म्हणाले आहेत, तेव्हा कलप लावलेला हा इसम काका असूच शकत नाही.

आता एका वाक्याचं काम होतं. ‘मी कलप लावतो.’ काकांनी ते लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. ज्या दोघांनी कलप सोडला होता त्यांची पांढरी डोकी डोळ्यांपुढे आली. तिसऱ्यांदा लिहिलेलं पुसून त्यांनी पाठवलं, ‘तो मेंदू थंड ठेवणारा लेप आहे.’

बस्स. निम्म्या गटाने लेपाची कृती मागितली, उरलेल्या निम्म्याने लेपाचा पुरावा. मेंदू थंड असावा की गरम, यावर चौतीस निरोप पडले. अध्यक्षबाईंनी मधेच नीतीचा प्रश्न काढला. वरचा माणूस बनावट असला, तरी त्याला उन्हात ठेवणं योग्य आहे का? दंतवैद्य म्हणाले, बनावट माणसाला ऊन लागत नाही. विमा एजंट म्हणाले, लागलं तर भरपाई मिळत नाही. तेव्हा तीन जणांची समिती वर पाठवावी, असं ठरलं. समिती नेमायला सभा हवी. सभा नेहमी गच्चीवर भरते. गच्ची सध्या वादग्रस्त असल्यामुळे सभा तहकूब झाली.

तीस मिनिटं उलटली होती. अशा वेळी शहाण्या माणसाने बायकोला फोन केला असता. काकाही करणारच होते, पण तेवढ्यात प्राध्यापकांनी लिहिलं की काळा रंग उन्हात थंड राहतो. डोक्यावर काळा लेप घेऊन भर उन्हात बसलेल्या माणसाने हे कसं सोसावं? काकांनी उत्तर दिलं. प्राध्यापकांनी प्रत्युत्तर दिलं. काकांनी तीन मुद्दे मांडले, प्राध्यापकांनी दोन खोडले, काकांनी ते दोन पुन्हा उभे केले. वीस मिनिटं गेली. वाद काकांनी जिंकला.

“कमाल आहे,” अध्यक्षबाईंनी लिहिलं, “बनावट असून वाद अगदी काकांसारखा घालतो. तंत्रज्ञान कुठच्या कुठे गेलंय.”

मग काकांनी काकूंना फोन लावला. काकूंनी गटाचा आवाज नऊ वर्षांपूर्वी बंद केला होता आणि त्यांची झोप चांगली होती.

“अगं, मी बोलतोय. गच्चीवर अडकलोय. दार उघड.”

“गुप्त शब्द?” काकू म्हणाल्या.

हाही काकांचाच नियम. माझ्या आवाजात कोणी काही मागितलं तर आधी गुप्त शब्द विचारायचा. शब्द त्यांनी गेल्या गुरुवारी बदलला होता. कागदावर लिहून कपाटात ठेवला होता.

“आत्ता आठवत नाही. कपाटातल्या कागदावर बघ.”

“तो कागद कोणी बघायचा नाही, असं आमच्या ह्यांनी बजावलंय.”

“अगं, मीच तो.”

“ते म्हणायला काय जातंय. बरं, दुसरं विचारते. लग्नानंतर मी पहिल्यांदा रुसले, ती कशावरून?”

काका विचारात पडले. ऊन तापलं होतं, डोकं ओढत होतं, आणि चाळीस वर्षांचा संसार चाळूनही काही हाताला लागेना.

“तू रुसली होतीस?” त्यांनी विचारलं.

“तुम्हीच आहात,” काकू म्हणाल्या. “येते.”

फोन कानाला तसाच धरून त्या जिना चढू लागल्या. गुडघे कुरकुरत होते, पण गळा अजून जात्यावरचा होता. पायरीगणिक त्या स्वतःशीच गुणगुणल्या आणि काकांना वर सगळं ऐकू आलं:

‘कुलूप शहाणं शहाणं, दार बापडं अडाणी,
धनी राहिला उन्हात, घरी निवलं गं पाणी.’

दार उघडलं. काकूंनी नवऱ्याकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावला. काका त्यांना ओलांडून खाली पळाले. काकूंना वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी दिसल्या. आलोच आहोत तर घेऊन जाऊ, असं बाईच्या जातीला वाटतंच. एक चादर खांद्यावर, दुसरी हातात, आणि मागे दार हळूच लागलं. तिथे वीट नव्हती.

काकांनी पाच वेळा डोकं धुतलं. बाहेरच्या खोलीत फोन वाजत होता, तो नळाच्या आवाजात ऐकू आला नाही. केस वांग्याच्या रंगाचे झाले होते, भरताच्या नव्हे, चांगल्या ताज्या वांग्याच्या. उद्याच्या व्याख्यानाला टोपी घालावी लागणार होती. पंखा लावून ते खुर्चीत बसले आणि फोन उघडला. गटावर मतदान चालू होतं: ‘आज गच्चीवरून निरोप पाठवणारा खरा होता की बनावट?’ बनावटच्या बाजूला एकतीस मतं होती. खऱ्याच्या बाजूला एक होतं, ते विमा एजंटांच्या सासूबाईंकडून चुकून गेलेलं.

काकांनी बनावटच्या बाजूने मत दिलं.

अभिनंदनाचा पाऊस पडला. काकांच्या नियमामुळे इमारत वाचली, असं अध्यक्षबाईंनी लिहिलं. बनावटाने तासभर गयावया केली, पण आपल्यातला एकही माणूस जागचा हलला नाही, याचा दंतवैद्यांना अभिमान वाटला. वांग्याच्या रंगाच्या डोक्याखाली काकांचं मन पिसासारखं हलकं झालं.

तेवढ्यात गटावर एक निरोप आला. काकूंचा या गटावरचा नऊ वर्षांतला पहिला निरोप.

‘अहो, दार लागलं. फोन का उचलत नाही? पांढरी चादर डोक्यावर घेऊन उन्हात बसलेय. वर या.’

“पुरावा?” दंतवैद्यांनी लिहिलं.

काका ताडकन उठले. खरं सांगायचं तर निम्मे उठले. एक चप्पल पायात गेली, दुसरी पलंगाखाली होती. आता गटावर ‘ही खरी आहे’ म्हटलं, तर मघाचाही खराच होता असं होईल. म्हणून काही लिहायचं नाही, मुकाट्याने वर जायचं, असं त्यांनी ठरवलं. निश्चय चांगला होता. पण चप्पल शोधायला वाकता वाकता त्यांना दिसलं की प्राध्यापकांनी लिहिलं आहे, पांढरी चादर अंगावर घेतली तर उन्हात जास्त उकडतं.

हे मात्र सरळसरळ चूक होतं.

‘एवढं एक उत्तर देतो आणि उठतो,’ काका स्वतःशी म्हणाले आणि एका चपलेवर पुन्हा खुर्चीत टेकले.

काकू वर आहेत. त्यांनी चादरी पुन्हा दोरीवर घातल्या आहेत, टाकीमागची वीट शोधून काढली आहे आणि तिच्यावर बसून त्या गुणगुणत आहेत. इकडे इथवर वाचणाऱ्यांतल्या काहींच्या मनात आलंच असेल की कलपाला तीस मिनिटं लागतात की चाळीस, आणि अंगावर पांढरी चादर घेतली की नेमकं काय होतं. मुद्दे बरोबर आहेत, जरूर मांडा. फक्त त्याआधी एक करा. मघापासून आतल्या खोलीतून एक हाक येते आहे, आणि तिला तुम्ही दोनदा ‘आलो, एवढं वाचून होऊ दे’ असं उत्तर दिलं आहे. ती हाक खरी आहे का, तेवढं उठून बघून या.