बिनशिट्टीचा कुकर

‘सौभाग्याची सात दारं’ या मालिकेवरचा शालूबाईंचा विश्वास एका कुकरमुळे उडाला.

त्याआधीच्या पाच वर्षांत त्यांनी काय काय मानून घेतलं नव्हतं! नायिका संचिताचा नवरा आर्यन गाडीसकट घाटात कोसळला, त्याचं दहावं-तेरावं झालं आणि आठ महिन्यांनी तो वेगळाच चेहरा घेऊन परत आला. प्लास्टिक सर्जरी केली म्हणाला. संचिताने त्याला शिंकेवरून ओळखलं. शालूबाईंनी मान डोलावली. आपल्या माणसाची शिंक ओळखू येतेच. मग नणंद ऋतिकाने एकाच खिरीत तीनदा विष घातलं आणि तिन्ही वेळा ती खीर मांजराने सांडली. मग संचिता सलग अकरा भाग कपाटात लपून बसली. शालूबाईंच्या कपाटात एक जास्तीची साडी कोंबायची तर दार गुडघ्याने लोटावं लागायचं, पण श्रीमंतांची कपाटं मोठी असतील, असं म्हणून त्यांनी तेही सोडून दिलं.

आणि मग दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात संचिता स्वयंपाकघरात रडत उभी होती. मागे कुकरच्या शिट्ट्या झाल्या. एक, दोन, तीन. संचिता दचकली. कॅमेरा कुकरवर गेला. शिट्टी कुकरवर नव्हतीच. ती ओट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी पडलेली होती.

“अहो, शिट्टी नाहीये!” शालूबाई जवळजवळ उभ्याच राहिल्या.

“कुणाला?” मारुतीरावांनी पेपर खाली केला.

“कुकरला. शिट्टी खाली पडलीय आणि शिट्ट्या होतायत.”

“मग? मेलेला माणूस उठून आला तेव्हा नाही काही बोललीस.”

“मेलेला माणूस मी कधी परत आणला नाही, कसा आणतात ते मला काय माहीत? कुकर मी रोज लावते.”

त्या संध्याकाळपासून शालूबाईंचं मन मालिकेत लागेना. संचिता रडायला लागली की त्यांची नजर मागच्या ओट्यावर जायची. डब्यांत डाळ नव्हती, तव्यावर डाग नव्हता, आणि सगळ्या घराला जेवू घालणाऱ्या त्या बाईच्या हातावर भाजल्याची एक खूण नव्हती. चार दिवसांनी त्यांनी मालिका बघणंच सोडलं. सात वाजता त्या नातीला, सान्वीला, कार्टून लावून द्यायच्या आणि स्वतः कोथिंबीर निवडत बसायच्या.

पण ही गोष्ट साडेसातच्या फोनला सांगणं शक्य नव्हतं.

साडेसातचा फोन रतनताईंचा. रतनताई म्हणजे मारुतीरावांची थोरली बहीण, राहायला विठ्ठलवाडीला. शालूबाई राहायच्या त्या कोपरपासून काही फार लांब नाही, पण जवळजवळ चार वर्षांत त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती. कारण सान्वीचं बारसं.

शालूबाईंना साकेत हा एकुलता एक मुलगा. त्याला बहीण नाही, तेव्हा सान्वीला आत्या नाही. मग पाळण्यापाशी वाकून बाळाच्या कानात ‘कुर्र’ करून नाव सांगायचा मान आपोआप साकेतच्या आत्याकडे, म्हणजे रतनताईंकडे आला. त्या खारघरला लेकीकडे गेल्या होत्या, तिथून परस्पर येणार होत्या. निघाल्या वेळेवर, पण शीळफाट्याला कंटेनर आडवा झाला. हॉल एक वाजेपर्यंतचा. दीड तास वाट बघितली. बाळ रडून लाल झालं, हॉलवाला दारात येऊन घड्याळ बघायला लागला, आणि शेवटी शालूबाईंनी शेजारणीच्या लेकीला पाळण्यापाशी उभं केलं. रतनताई घामाघूम होऊन पोचल्या तेव्हा डेकोरेशनवाला पाळण्याच्या माळा उतरवत होता. हातातली पेढ्यांची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, उभ्यानेच पाणी प्यायल्या आणि गेल्या. चांदीचे वाळे पर्समध्येच राहिले.

पुढे सात महिने बोलणं नाही. मारुतीरावांचं म्हणणं असं, की भांडण झालेलंच नाही, तर मिटवायचं काय? मग ज्या दिवशी आर्यनची गाडी घाटात कोसळली, त्या दिवशी बरोबर साडेसातला फोन वाजला.

“शालू, आर्यन गेला गं!” पलीकडे रतनताई हमसून हमसून रडत होत्या.

“बघितलं ताई,” शालूबाईंनीही पदर डोळ्याला लावला. “अजून हळदसुद्धा उतरली नव्हती हो पोरीची.”

तेव्हापासून रोज फोन. बारशाचा विषय नाही, येण्याजाण्याचा नाही. फक्त मालिका. एका मेलेल्या माणसाने दोघींना बोलतं केलं होतं. आता ‘मी बघत नाही’ म्हटलं, की उद्यापासून साडेसातला कशावर बोलायचं?

म्हणून शालूबाई बघितल्यासारखं बोलू लागल्या. सुरुवातीला ते सोपं होतं.

“बघितलंस?”

“बघितलं.”

“काय बाई तरी!”

“नाहीतर काय!”

असे चार-पाच दिवस निभावले. मग एका संध्याकाळी रतनताईंनी विचारलं, “पण तुला काय वाटतं गं, ती ऋतिका एवढी वाईट आहे का?”

शालूबाईंच्या हातात कोथिंबिरीची काडी तशीच राहिली. काहीतरी बोलायलाच हवं होतं. “मला नाही वाटत, ताई. तिला मनातून वाईट वाटत असणार. नणंद झाली म्हणून काय झालं!”



“हो,” रतनताई हळूच म्हणाल्या, “आज तिच्या चेहऱ्यावर दिसलं तसं.”

म्हणजे अंदाज बरोबर आला! शालूबाईंना स्वतःचंच कौतुक वाटलं. पाच वर्षं एखाद्या घरात राहिलं, की कोण कधी काय करणार हे कळायचंच. दुसऱ्या दिवशी त्या आपणहून म्हणाल्या, “आज मात्र बरं दाखवलं. संचिता बाजारात जाऊन स्वतः मेथी घेऊन आली.”

“बघितलं ना! पण जुडीत अर्धी माती होती.”

शालूबाई चाट पडल्या. मातीचं तर त्या काहीच बोलल्या नव्हत्या. म्हणजे मेथी खरोखरच दाखवली होती तर! मालिका सुधारत चालली होती आणि आपण कार्टून बघत बसलो होतो. पण आता बघायला बसलं आणि मागे पुन्हा बिनशिट्टीचा कुकर दिसला तर? त्यापेक्षा न बघितलेलं बरं, असं त्यांनी ठरवलं.

हळूहळू त्यांना याची गोडी लागली. दुपारी भांडी आवरताना त्या संध्याकाळचा भाग जुळवू लागल्या. त्यांच्या भागांत कुणी विष घालत नव्हतं. संचिताचे गुडघे दुखायचे. आर्यन गॅसचा नंबर लावायला विसरायचा आणि घरात दोन दिवस सगळे खिचडीवर असायचे. रतनताईंकडेही रोज काहीतरी भर असायची: त्या खिचडीला मीठच नव्हतं, ऋतिकाचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. आदल्या दिवशी काय बोललो ते लक्षात राहीना, म्हणून शालूबाई कॅलेंडरवर लिहून ठेवू लागल्या.

ते कॅलेंडर एका सकाळी सुनेने, ऐश्वर्याने, दुधाचा खाडा बघायला उलटलं. “आई,” ती बाहेर येऊन म्हणाली, “मी सोमवारी कुठे चाललेय?”

“कुठे?”

“इथे लिहिलंय, ‘सोमवार. सून रागावून माहेरी निघून जाते.’ आणि शुक्रवारी, ‘सासूला पश्चात्ताप होतो.’ मधले तीन दिवस काय, एन्जॉय?”

“अगं, ते मालिकेतलं आहे!”

“ताईशी काय बोलते त्याची हिने नोंदच ठेवलीय,” मारुतीराव पेपराआडून म्हणाले. “मला वाटलं, माझंच काहीतरी लिहितेय. मी दोन दिवस ओला टॉवेल दोरीवर वाळत घालतोय.”

ऐश्वर्या काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात सान्वीने दूध सांडलं आणि तिला ऑफिसला उशीर झाला.

त्याच संध्याकाळी फोनवर रतनताईंचा आवाज बसका होता. आज ‘बघितलंस?’ नाही, काही नाही.

“शालू, आज ऋतिका रडली गं.”

“हो?” म्हणून शालूबाईंनी जीभ चावली. “म्हणजे, हो ना.”

“म्हणाली, ‘मला उशीर झाला यात वहिनीचा काय दोष? रस्ताच अडला होता. ती तरी किती थांबणार? पण मीच मेली तोंड फिरवून बसले. आता जावंसं वाटतं, तर इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने जाऊ?’ असं म्हणाली.”

“मग?”

“मग काय, संपला भाग.”

शालूबाईंनी फोन ठेवला. लिहिणारी बाई बदललेली दिसतेय, त्यांना वाटलं. इतकं खरं त्या मालिकेत कधीच कुणी बोललं नव्हतं. आता मागे कुकर बिनशिट्टीचा असो, नाहीतर बिनझाकणाचा, उद्याचा भाग बघायचाच.

दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांनी सान्वीच्या हातातला रिमोट घेतला. सान्वीने भोकाड पसरलं. तिकडे दुर्लक्ष करून त्यांनी वाहिनी लावली. पडद्यावर फेटे बांधलेली मुलं गाण्याच्या स्पर्धेला उभी होती. शालूबाईंनी पाच मिनिटं वाट बघितली. मुलं गातच होती.

“ऐश्वर्या, आज ‘सात दारं’ नाही का गं?”

नुकतीच घरी आलेली ऐश्वर्या दारातच थांबली. “आई, ती संपली ना. दोन आठवडे झाले. मी काल सकाळी तेच विचारणार होते, की संपलेल्या मालिकेचं तुम्ही काय लिहिताय?”

“संपली? कशी?”

“घाईघाईत गुंडाळली. टीआरपी नव्हता. सगळ्यांनी एकमेकांना पेढे भरवले आणि बस. कुणीच बघत नव्हतं हो शेवटी.”

शालूबाई खुर्चीत बसल्या. दोन आठवडे. म्हणजे काल ऋतिका रडलीच नव्हती. मग काल रडलं कोण?

हे कळायला त्यांना घड्याळातली वीस मिनिटं लागली. बरोबर साडेसातला फोन वाजला. मारुतीरावांनी पेपर बाजूला ठेवला. सान्वीचंही रडणं थांबलं.

“बघितलंस?” रतनताईंनी विचारलं. आवाजात जरा धास्ती होती.

समोर फेटेवाली मुलं तोंडं उघडत-मिटत होती. आवाज बंद होता.

“बघितलं, ताई. आज संचिताने ऋतिकाला फोन केला.”

“काय म्हणाली?”

“म्हणाली, ‘तुम्ही कुठल्याही तोंडाने या. मी अजून थोडं थांबायला हवं होतं. हॉलवाल्याला म्हणायचं, जा, काय करायचं ते कर. पण मला तेव्हा सुचलं नाही. रोज वाटायचं बोलावं, आणि रोज आपलं त्या आर्यनवरच बोलत बसायचे.’”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“आणि रविवारच्या भागात,” शालूबाई म्हणाल्या, “परत बारसं आहे.”

“अगं, पोर चार वर्षांची होईल आता! पाळण्यात मावेल कशी?”

“मालिकेत काहीही मावतं, ताई. अकरा भाग बाई कपाटात मावली होती.”

रविवारी सकाळी रतनताई आल्या. पायरीपाशी जरा थांबल्या, मग चढल्या. गॅलरीतल्या झोपाळ्याला ऐश्वर्याने झेंडूची माळ बांधली होती. सान्वी मांडी घालून त्यावर बसली. वाळे काही केल्या तिच्या पायात जाईनात, तेव्हा तिने ते बाहुलीच्या गळ्यात घातले. रतनताई कमरेवर हात ठेवून वाकल्या आणि तिच्या कानात त्यांनी लांबलचक ‘कुर्र’ केलं.

“गुदगुल्या होतात!” सान्वी ओरडली. “आणि माझं नाव मला माहितेय!”

“बुक्के!” ऐश्वर्याने आठवण केली. नाव सांगणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी बुक्के मारायची रीतच आहे. शालूबाई पदर खोचून पुढे झाल्या.

“हळू गं शालू! एक पुरे!”

“चार वर्षांचे साठलेत, ताई,” म्हणत शालूबाईंनी पहिला बुक्का जरा सणसणीतच घातला. दुसऱ्याच्या वेळी मात्र त्यांचा हात पाठीवर तसाच राहिला.

मग शालूबाई स्वयंपाकघरात वळल्या. वरणभाताचा कुकर गॅसवर चढवला. मागून रतनताई येऊन ओट्याला टेकल्या.

“शिट्टी लावलीस ना? नाहीतर त्या बयेसारखं करशील.”

“कुठल्या बयेसारखं?”

“तुझी संचिता गं. दसऱ्याच्या आधी नाही का, शिट्टी मिठाच्या बरणीपाशी आणि कुकर आपला वाजतोय! मी त्या दिवशी टीव्ही बंद केला तो केलाच. तू आवडीने बघायचीस, म्हणून बोलले नाही.”

शालूबाई हळूहळू त्यांच्याकडे वळल्या. दसऱ्याच्या आधी! आणि मार्गशीर्ष लागून आठ दिवस झाले होते.

“म्हणजे मग ती मेथी?”

“मेथी तू आणलीस,” रतनताई म्हणाल्या. “मी नुसती माती घातली.”

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. दोघींनीही आधी कुकरकडे बघितलं.