गाडी सुटली नाही, कारण ग्राफिक्स

माणसाला जे दिसत नाही, त्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. हे तत्त्व सर्व सरकारी खात्यांना, बहुतेक सोसायट्यांना आणि झाडून सगळ्या नवऱ्यांना मान्य आहे. त्यामुळे जास्त दिसण्याची सोय समाजाने फार विचार करून करावी, असं माझं मत आहे. व्हिडिओ गेमच्या कंपन्या मात्र दर सहा-सात वर्षांनी नव्या पिढीचा कन्सोल काढतात आणि यात आधीपेक्षा जास्त दिसतं, असं छाती पुढे काढून सांगतात. पुढच्या पिढीत ग्राफिक्स आणखी सुधारले तर त्याने काही फरक पडेल का, या प्रश्नावर जगभरचे विद्वान एकमेकांच्या उरावर बसले आहेत. त्यांनी आता उठायला हरकत नाही. हा प्रश्न दौंडला, रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत, एका रविवारी दुपारी निकालात निघाला.

सॅमसन उजागरे, वय छत्तीस, कुरकुंभच्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. त्याने पुण्याहून नवा कन्सोल आणला. घरात आधीच्या पिढ्यांचे दोन होते आणि दोन्ही ठणठणीत चालत होते. त्याची आई कृपाबाई, चर्चच्या महिला मंडळाच्या एकवीस वर्षं सेक्रेटरी. त्यांनी खोक्याकडे पाहून विचारलं, "ह्याच्यात नवं काय हाय?"

"ग्राफिक्स," सॅमसन म्हणाला.

"म्हंजी?"

"जास्त दिसतं."

"आधी कमी दिसत व्हतं म्हनून तुझं काय अडलं व्हतं?"

सॅमसनने उत्तरासाठी खोक्याची मागची बाजू वाचून काढली. (तिथे उत्तर नव्हतं. विद्वानांकडेही नाही. मी शोधून पाहिलं.) दुकानाची अट सात दिवसांत माल परत घेण्याची होती आणि ती मुदत सोमवारी संपत होती. कृपाबाईंनी समिती नेमली. फरक पडतो की नाही ते समितीने ठरवायचं, आणि कन्सोल घरात राहणार की सोमवारी सकाळच्या गाडीने पुण्याला जाणार, तेही तिनेच. सॅमसनने या यंत्राची आठ महिने वाट पाहिली होती. शिफ्टवरून आल्यावर एक तास तो आणि टीव्ही, एवढंच त्याचं आयुष्याकडे मागणं होतं. ते फार होतं, असं मला वाटत नाही. मला त्याची दया आली.

समितीचे अध्यक्ष होते सॅमसनचे वडील अब्राहाम उजागरे, ज्यांना अख्खी गल्ली आप्पा म्हणते. ते निवृत्त मेल ड्रायव्हर. छत्तीस वर्षांत एकही अपघात नाही, आणि तसं प्रमाणपत्र टीव्हीच्या बरोबर वर चौकटीत टांगलेलं आहे. दुसरे सदस्य शंकरराव, निवृत्त स्टेशन मास्तर, जे अजूनही घड्याळ बघितल्याशिवाय पाणी पीत नाहीत. तिसऱ्या कृपाबाई स्वतः. महिला मंडळाच्या घटनेप्रमाणे चार जणांशिवाय कोरम होत नाही, म्हणून दर रविवारी मेथी घेऊन येणारे गृहस्थ दाराशी आले तेव्हा त्यांना "जरा थांबा" असं सांगून चौथे सदस्य करून घेण्यात आलं. मी शेजारी राहतो आणि माझं अक्षर बरं आहे, एवढ्या पात्रतेवर मी लेखनिक झालो.

बैठकव्यवस्था पुढीलप्रमाणे होती. खुर्च्या तीन. लेखनिकाला स्टूल. चौथे सदस्य उंबऱ्याशी उभे, काखेत ओल्या फडक्यात गुंडाळलेली मेथी. त्यांच्या डाव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं.

चाचणीसाठी सॅमसनने फुटबॉल सुचवला. शंकररावांनी तो फेटाळला. ज्यातलं आपल्याला कळतं त्याचीच तपासणी करावी, असं ते म्हणाले. (हा नियम सरकारी नाही.) तेव्हा आगगाडीचा खेळ निवडण्यात आला. तो तिन्ही कन्सोलवर होता, आणि तिन्हीवर तीच परदेशातली सव्वीस किलोमीटरची लाइन होती. कंट्रोलर आप्पांच्या हातात देण्यात आला. त्यांनी तो आधी रुमालाने पुसला.

सगळ्यात जुन्या यंत्रात खाली हिरवा पट्टा होता, वर निळा, आणि मधून रूळ. आप्पांनी ताशी शंभरने गाडी नेली आणि मिनिटही न चुकता पोचवली. समितीने समाधान व्यक्त केलं.

दुसऱ्या यंत्रात हिरव्या पट्ट्याची झाडं झाली. स्टेशनांना घड्याळं आली. लाइनीच्या कडेला मधूनमधून नारंगी ठिपके दिसू लागले आणि प्रत्येक ठिपक्याला आप्पांनी सवयीने शिट्टी दिली. सगळ्या स्टेशनांवर दहा वाजून दहाच मिनिटं झाली आहेत, हे शंकररावांच्या लक्षात आलं. घड्याळ बंद असताना गाडी पुढे नेता येत नाही असं नाही, पण तशी नोंद करावी लागते. ती नोंद होईपर्यंत गाडी नऊ मिनिटं खोळंबली.

मग सॅमसनने नवा कन्सोल लावला.

यात सगळंच दिसत होतं. रुळाखालची खडी सुटी सुटी दिसत होती. सिमेंटच्या स्लीपरवर तेलाचे डाग होते. आणि नारंगी ठिपक्याच्या जागी माणूस उभा होता. डोक्यावर टोपी, अंगात नारंगी जाकीट, हातात लांब दांड्याचा हातोडा, दाढी दोन दिवसांची, मानेवर घाम. आप्पांनी चष्मा लावला आणि पुढे वाकले.

"ह्यो कोन?"

"गँगमन असेल, आप्पा," सॅमसन अभिमानाने म्हणाला. "बघा की ग्राफिक्स!"

"पयल्या मशीनमधी कुठं व्हता?"

"तिथंपण होता. दिसत नव्हता."

आप्पांनी बराच वेळ त्या माणसाकडे पाहिलं, मग गाडी सोडायला बोट उचललं. तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज आला.

"सायेब, गाडी हलवू नका."

चौथे सदस्य चपला काढून आत आले. त्यांनी करंगळीचं उरलेलं टोक टीव्हीवर टेकवलं. रूळ ज्या लोखंडी चावीने स्लीपरला धरून ठेवतात, ती एका ठिकाणी नव्हती. सॅमसनने सांगितलं की काका, हा गेम आहे, चावी नसली तरी यात गाडी पडत नाही. ते म्हणाले, "पडत न्हाई म्हनून तर कुनी बघत न्हाई," आणि पुढची जागा दाखवली. तिथेही चावी नव्हती. परदेशातल्या चित्रकाराने रुळाचा एकच तुकडा काढून तो सव्वीस किलोमीटर जोडत नेला होता, आणि नेमक्या त्या तुकड्यात एक चावी काढायची राहून गेली होती. चौथ्या सदस्यांनी नजर पोचेल तितक्या गैरहजर चाव्या मोजल्या. एकेचाळीस भरल्या. शंकररावांनी घड्याळ पाहिलं आणि संपूर्ण लाइन वाहतुकीस बंद केली.

"तुमाला ह्यातलं काय कळतं?" आप्पांनी विचारलं. त्यात खवचटपणा नव्हता, त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"एकतीस वर्सं कीमन हुतो, सायेब. पाटस ते कडेठाण. रोज चालत जायाचं, येक येक चावी बघायाची, ढिली दिसली की ठोकायाची. तुमची मेल आली की कडंला हुभा ऱ्हाऊन हात करायाचो. तुमी शिट्टी मारायचा."

आप्पांनी आठवून पाहिलं. "नारंगी कायतरी दिसायचं खरं," ते म्हणाले.

"त्येच मी."

नोंदवहीत मी 'चहापानासाठी सभा तहकूब' असं लिहिलं. (चहा तीन कप आला. लेखनिकांनी घरून पिऊन यावं असा संकेत आहे.)

तहकुबीत मी एक हिशेब केला. ताशी शंभरच्या वेगात कडेचा माणूस दीड सेकंद दिसतो. आप्पा त्या टप्प्यावरून सुमारे चार हजार वेळा गेले असतील. म्हणजे या दोघांची एकूण ओळख एक तास चाळीस मिनिटांची होती, आणि ती दीड-दीड सेकंदाच्या हप्त्यांत झाली होती.

आप्पांनी मान वर करून चौकटीकडे पाहिलं. प्रमाणपत्रावर एकच नाव होतं. त्यांना लाज वाटली, आणि ती मला कुठल्याही कन्सोलशिवाय लख्ख दिसली. लाज वाटल्यावर माणूस दोन गोष्टी करू शकतो. ज्याची लाज वाटली ते दुरुस्त करू शकतो, किंवा जिच्यामुळे वाटली ती वस्तू परत करू शकतो. समितीने एकमताने दुसरी गोष्ट केली.

अहवाल छोटा आहे. तो जसाच्या तसा देतो: 'ग्राफिक्समुळे फरक पडतो हे समितीसमोर निर्विवाद सिद्ध झालं आहे. पहिल्या यंत्रात गाडी वेळेवर पोचली, दुसऱ्यात नऊ मिनिटं उशिरा, तिसऱ्यात सुटलीच नाही. सुधारणा याच गतीने होत राहिल्यास पुढच्या पिढीत प्रवासी घराबाहेर पडू शकणार नाहीत. शिवाय तिसऱ्या यंत्रात अनावश्यक माणसं दिसतात. सबब यंत्र परत करावं.'

सॅमसन रडकुंडीला आला. "अगं आई, फरक पडतो असंच ठरलं ना?"

"म्हनूनच," कृपाबाई म्हणाल्या आणि मेथी निवडायला घेतली.

सोमवारी कन्सोल पुण्याला गेला. सॅमसन आता दुसऱ्या यंत्रावर फुटबॉल खेळतो आणि त्यातल्या प्रेक्षकांना चेहरे नाहीत याबद्दल तक्रार करत नाही. आप्पा कधीतरी आगगाडी लावतात. नारंगी ठिपका आला की हल्ली दोनदा शिट्टी देतात. रविवारी दारात मेथी आली की खुर्चीतूनच हात करतात. यापलीकडे काही घडलेलं नाही.

अहवालावर चार सह्या आहेत. चौथी सही ठसठशीत आणि सहज वाचता येणारी आहे, तरी सदस्यांच्या यादीत मी 'मेथीवाले' एवढंच लिहिलं. त्यावर समितीत कुणी हरकत घेतली नाही. तुम्हीही घेतली नाहीत. तुम्हाला तर मी ओलं फडकं दाखवलं, तुटकी करंगळी दाखवली, तीन खुर्च्या आणि तीन कप मोजून दाखवले. कागदावर यापेक्षा चांगले ग्राफिक्स देता येत नाहीत. त्या माणसाचं नाव काय, हे इथवर वाचताना तुम्ही एकदाही विचारलं नाही, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे पुढची पिढी आली तरी विचारणार नाही.

त्यांचं नाव हनुमंत. आता तुम्हाला दिसलं आहे, तेव्हा यापुढची जबाबदारी तुमची.