हानुसकाकांची टाच

"माझ्या फोनमधून पेशंटच्या पायाचं नखसुद्धा बाहेर जायचं नाही!" असं रन्वा छातीठोक सांगायची, आणि ते खरंही होतं. फेरो बेटांवरच्या त्या एवढ्याशा गावात कोणाच्या घरी काय शिजतंय ते सगळ्यांना ठाऊक. पण नर्सबाईंना कोणाचं काय दुखतंय ते विचारा! शब्द फुटेल तर शपथ.

म्हणूनच हानुसकाका तिच्याकडे आले. साखरेचा आजार, त्यात घोट्यावर महिनाभराची जखम.

"पोरी, जावयाला कळलं तर मेंढ्या आणायला डोंगरावर सोडायचा नाही मला. कुठे बोललीस, तर मी पुन्हा इथे पाऊल टाकणार नाही!"

आणि न येऊन चालणार नव्हतं. पट्टी चुकली तर पायच जायचा.

डॉक्टरीणबाई पलीकडच्या बेटावर. त्यांना फोटो पाठवायला दवाखान्याचं खास कुलूपबंद ॲप होतं. रन्वाने त्याला कालच नवा पासवर्ड घातला होता. चांगला वीस अक्षरी, कोणाच्या बापाला ओळखता येणार नाही असा. आज तिला स्वतःलाच आठवेना!

"जाऊ दे, एकदाच," म्हणत तिने साध्या मेसेजवरून फोटो पाठवला. नाव नाही, चेहरा नाही, नुसता पाय. खाली लिहिलं, 'पट्टी रोज बदलू का?'

फोन टणटण वाजायला लागला.

'टाच वाकडी गेलीय.'

'लोकर झकास, हात कच्चा.'

रन्वाने वरचं नाव वाचलं. फोटो डॉक्टरीणबाईंऐवजी विणकाम मंडळाच्या ग्रुपवर गेला होता! अकरा बायका! आणि फोटोच्या कोपऱ्यात काकांचा खाली सरकवलेला लोकरी मोजा.

'ही वीण सुन्नवाचीच.'

'माझी टाच वाकडी?' सुन्नवा कडाडली. 'तुझ्या स्वेटरात तर माणूस एका बाजूला झुकतो!'

"अगं बायांनो, पुसा तो फोटो! पाया पडते!" रन्वाने ओरडूनच व्हॉइस मेसेज टाकला.

दोन मिनिटांत अकराही जणींचं उत्तर आलं, 'पुसला.' पाय कोणाचा, हे एकीनेही विचारलं नाही. विणणारीला मोजा ओळखू आला होता, तरी नाव कोणी काढलं नाही. रन्वाला वाटलं, या बायांची आरती ओवाळावी!

पण चूक ती चूक. तिने मुकाट्याने दवाखान्याच्या मुख्य बाईंना फोन करून सगळं कबूल केलं, यथास्थित बोलणी खाल्ली आणि काकांचं घर गाठलं.

"काका, घात झाला. तुमचा पाय मंडळातल्या अकराही जणींनी पाहिला. मला काय बोलायचं ते बोला, पण पट्टीला यायचं सोडू नका हो!"

काका खो खो हसत सुटले.

"अगं, त्या अकराही जणींना मीच सांगितलंय! एकेकीला वेगळं गाठून, शपथ घालून! काय लावू, काय खाऊ, विचारायला नको?"

रन्वा खाली बसली. महिनाभर अकरा बायका शेजारी शेजारी बसून विणत होत्या, आणि एकीने दुसरीला हूं की चूं केलं नव्हतं!

"मग येणार ना उद्या?"

"येणार तर! अकराही जणींनी हेच सांगितलं, रन्वाकडे जा, तिच्या पोटात गोष्ट राहते." काकांनी डोळे पुसले. "पोटात राहते गं बाई. उद्या फोन तेवढा घरी ठेवून ये!"